पुढच्या गाडीची ढवळलेली हवा: रेसिंग गेममध्ये जवळ राहून गाडी ताब्यात कशी ठेवायची

एकट्याने चालवताना लॅप चोख बसते. पुढच्याला गाठलं की त्याच वळणात, त्याच वेगाला, तेवढंच स्टिअरिंग देऊनही गाडी आत यायला तयार होत नाही. नाक बाहेर ओढत राहतं. मग कोणी म्हणतं टायर गेले, कोणी सेटअप (गाडीची विंग, दाब, ब्रेक यांची जुळवणी) उघडून बसतं आणि बहुतेक जण स्टिअरिंग आणखी वळवतात. ऑनलाइन रेस संपल्यावर मित्रांसोबत बसून मी असे बरेच रिप्ले पाहिले आहेत. गाडी वळणात सुटलेली दिसते, पण रिप्ले पाच सेकंद मागे नेला की खरी चूक सापडते: वळणाला पोचण्याआधीच अंतर चुकलेलं असतं.

म्हणून खालचे टप्पे क्रमानेच घ्या. आधी तयारी, मग मोजणी, मग अंतर, ब्रेक आणि वळण. सेटअपला हात त्यानंतर लावायचा आणि ओव्हरटेक सगळ्यात शेवटी.

## हवेत नेमकं काय होतं

धावणारी गाडी हवा फाडत जाते आणि मागे ढवळलेल्या हवेची लांब शेपटी सोडते. या शेपटीतली हवा गाडीबरोबर थोडी पुढे ओढली जात असते, तिथे दाब कमी असतो आणि भोवरे असतात. तुम्ही त्यात शिरलात की समोरचा वारा तुम्हाला मंद लागतो. सरळ रस्त्यावर याचा फायदा होतो, कारण ड्रॅग (हवेचा अडथळा) कमी होऊन वेग वाढतो. यालाच आपण स्लिपस्ट्रीम म्हणतो. वळणात तीच हवा घात करते, कारण विंगला पुरेसा वारा मिळत नाही आणि डाउनफोर्स, म्हणजे गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर, घटतो. स्लिपस्ट्रीम आणि डर्टी एअर (वळणात घात करणारी ढवळलेली हवा) या दोन वेगळ्या गोष्टी समजून चालवणारे बरेच आहेत. हवा एकच आहे. सरळ रस्त्यावर जितके जवळ जाऊन कमावता, तितकंच पुढच्या वेगवान वळणात गमावता.

डाउनफोर्स वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटरला जेवढा असेल, त्याच्या चौपट २०० ला. त्यामुळे हवेचा तोटा वेगवान वळणांत जाणवतो. हेअरपिनमध्ये, म्हणजे अगदी तीव्र आणि हळू वळणात, गाडी मुख्यतः टायरच्या आणि सस्पेन्शनच्या पकडीवर वळते, तिथे ढवळलेल्या हवेला दोष देण्यात अर्थ नाही.

हा तोटा पुढे आणि मागे सारखा वाटला जात नाही. बहुतेक विंगवाल्या गाड्यांमध्ये पुढची बाजू जास्त गमावते, तोल मागे सरकतो आणि अंडरस्टिअर येतो, म्हणजे वळवाल तेवढी गाडी वळत नाही. नाक बाहेर का ओढतं, याचं उत्तर हेच.

किती गमावते, हे गाडीवर अवलंबून. २०२२ चे नियम आणताना फॉर्म्युला वनने दिलेल्या आकड्यांनुसार जुनी गाडी पुढच्या गाडीच्या मागे २० मीटरवर सुमारे ३५ टक्के आणि १० मीटरवर सुमारे ४६ टक्के डाउनफोर्स गमावत होती. नव्या गाडीसाठी तेच आकडे ४ आणि १८ टक्के दिले गेले. म्हणजे गेममध्ये २०२१ ची गाडी घेतलीत की २०२२ ची, यावर मागे राहण्याची पद्धतच बदलते. फॉर्म्युला फोर्डला तर विंगच नसतात. तिथे स्लिपस्ट्रीम भरपूर मिळते आणि वळणात फारसं काही जात नाही. त्या गाडीत शिकलेली बंपरला चिकटून चालवण्याची सवय विंगवाल्या फॉर्म्युला गाडीत घेऊन आलात की तिसऱ्या वळणात गवतात जाल.

## टप्पा १: रेसच्या आधीची तयारी

१. फोर्स फीडबॅकचं (स्टिअरिंग व्हील हाताला देतं त्या जोराचं) क्लिपिंग काढा. व्हीलची ताकद इतकी वाढवलेली असते की वेगवान वळणात मोटर आधीच शेवटाला टेकलेली असते. मग पुढच्या टायरची पकड कमी झाली तरी हाताला काहीच कळत नाही. सर्वांत वेगवान वळणातही फोर्सचा मीटर वरच्या टोकाला चिकटून राहणार नाही, इतका गेन (व्हीलच्या जोराची सेटिंग) कमी करा. व्हील हलकं झाल्याचं जाणवणं ही या सगळ्यातली पहिली सूचना आहे, ती हरवू देऊ नका.

२. फील्ड ऑफ व्ह्यू (स्क्रीनवर दिसणाऱ्या दृश्याची रुंदी) नीट लावा. तो फार रुंद असला की पुढची गाडी आहे त्यापेक्षा लांब दिसते. तुम्ही १५ मीटरवर असता आणि डोळ्यांना ३० वाटतात.

३. पुढच्या गाडीचं अंतर सेकंदांत दाखवणारा डबा स्क्रीनवर ठेवा, तोही नजर फार न हलवता दिसेल असा.

४. ऑनलाइन रूमच्या सेटिंग तपासा. काही गेममध्ये रूम काढणारा स्लिपस्ट्रीमची तीव्रता बदलू शकतो. ग्रान टुरिस्मोच्या लॉबीत ही सोय आहे. काल रात्रीच्या रूममध्ये शिकलेलं अंतर आजच्या रूममध्ये चुकीचं ठरू शकतं.

कंट्रोलरवर खेळत असाल तर हाताला वजन जाणवणार नाही. तुमच्यासाठी टायरचा आवाज हीच खूण. इंजिनाचा आवाज थोडा खाली आणा आणि टायरचा वर.

> तपासा: एकट्याने एक वेगवान वळण मुद्दाम जास्त वेगात घ्या. नाक सुटताना ते हाताला किंवा कानाला कळलं का? नसेल, तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नका.

## टप्पा २: आधी एकट्याने मोजा, मग मागे राहून

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. त्यांना आपल्या गेममध्ये हवा किती जोरात लागते, हेच माहीत नसतं आणि मग रेसमध्ये अंदाजाने चालतं.

एक ट्रॅक निवडा ज्यात एक लांब वेगवान वळण आणि एक हळू वळण असेल. बार्सिलोना यासाठी उत्तम, कारण तिथलं तिसरं वळण लांबलचक उजवं आहे आणि पुढच्या टायरची खरी परीक्षा घेतं.

१. टायर गरम झाल्यावर एकट्याने पाच लॅपा चालवा. दोन्ही वळणांतला किमान वेग लिहून ठेवा.

२. मित्राला त्याच गाडीत, तेवढ्याच इंधनावर, तेच टायर घेऊन पुढे चालवायला सांगा. तुम्ही साधारण एक सेकंद मागे राहून पाच लॅपा.

३. मग अर्ध्या सेकंदावर पाच लॅपा. पुन्हा तेच आकडे लिहा.

मित्राचा वेग तुमच्याएवढा किंवा किंचित जास्त हवा. तो वळणात हळू असेल तर तुम्ही त्याच्यामुळे अडून हळू व्हाल आणि दोष हवेवर जाईल. एआयच्या मागे मोजत असाल तर काळजी दुप्पट, कारण एआय गाड्या पुष्कळदा लवकर ब्रेक मारतात आणि वळणाच्या मध्यात हळू असतात. रिप्लेमध्ये पुढच्या गाडीचा किमान वेगही बघा. तो तुमच्या एकट्याच्या वेगापेक्षा कमी असेल तर ती लॅप बाद धरा.

आकडे असे वाचायचे. वेगवान वळणातला वेग घटला आणि हळू वळणातला तेवढाच राहिला, तर गेम डाउनफोर्सचा तोटा मोजतो आणि खालचं सगळं तुम्हाला लागू आहे. दोन्ही वळणांत काही फरक नाही, फक्त सरळ रस्त्यावर वेग वाढला, तर तुमचा गेम निव्वळ स्लिपस्ट्रीम देतो. अशा गेममध्ये टप्पा ५ आणि ६ सोडा, पण टप्पा ४ सोडू नका.

> नेहमीची चूक: टाइम ट्रायलमध्ये घोस्ट गाडीच्या (आधीच्या लॅपच्या नोंदीवर चालणाऱ्या गाडीच्या) मागे सराव करणं. घोस्ट फक्त चित्र असतं, ते हवा ढवळत नाही. दोन तास त्याच्या शेपटीला लागून चालवलंत तरी यातलं काही हाती लागत नाही.

## टप्पा ३: अंतर वळणाच्या आधीच ठरवा

स्क्रीनवरचं सेकंदांतलं अंतर आणि रस्त्यावरचं मीटरमधलं अंतर यांची गल्लत सर्वाधिक नुकसान करते. ताशी २५० किलोमीटरला एक सेकंद म्हणजे सुमारे ६९ मीटर. ताशी ९० ला तोच एक सेकंद म्हणजे फक्त २५ मीटर. ब्रेकिंग सुरू झालं की पुढची गाडी अंगावर आल्यासारखी वाटते, आणि ती हळू वळणातून बाहेर पडताना झपकन लांब जाते. दोन्ही वेळा सेकंद तेवढेच असतात. पहिल्या वेळी घाबरून जास्त ब्रेक मारू नका, दुसऱ्या वेळी “गेला तो” म्हणून घाईने थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) देऊ नका.

मी स्वतः हे आकडे सुरुवातीला धरतो आणि मग टप्पा २ च्या मोजणीप्रमाणे बदलतो:

- जास्त डाउनफोर्सची गाडी, वेगवान वळण: ०.८ ते १ सेकंद.
- जीटी३ (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेली रेस गाडी) सारखी गाडी, वेगवान वळण: ०.५ ते ०.७ सेकंद.
- हळू वळण, कुठलीही गाडी: धक्का लागणार नाही इतकं जवळ.

आता हे अंतर कुठे सोडायचं? वळणात शिरल्यावर सोडलं तर उशीर झालेला असतो. सिल्व्हरस्टोन ट्रॅकचं मॅगॉट्स, बेकेट्स, चॅपल हे सलग वळणांचं गुंतवळ घ्या. त्यानंतर हँगर स्ट्रेट आणि मग स्टो. समजा तुम्ही मॅगॉट्सला ०.४ सेकंदावर चिकटून शिरलात. बेकेट्सच्या मध्यात नाक सुटतं, तुम्ही थ्रॉटल सोडता, चॅपलला गाडी अजून सरळ झालेली नसते. हँगर स्ट्रेटवर बघता तर अंतर एक सेकंदाच्या वर गेलेलं आणि स्लिपस्ट्रीम विरळ झालेली. आता तेच मॅगॉट्सच्या आधी सरळ रस्त्यावर पाय थोडा उचलून ०.८ ला शिरा. बेकेट्समध्ये गाडी तुमचं ऐकते, चॅपलला पुढच्याच्या आधी पूर्ण थ्रॉटल बसतो आणि संपूर्ण हँगर स्ट्रेटभर त्याच्या शेपटीत बसून तुम्ही स्टोला पोचता. दुसऱ्या रीतीत आधी थोडं दिलंत, पण जिथे ओव्हरटेक होऊ शकतो तिथे तुम्ही त्याच्या मागेच आहात.

> सावधान: रेसच्या पहिल्या लॅपला तुमच्या मागेही कोणीतरी असतं. सरळ रस्त्यावर पाय अचानक उचलला तर तो तुमच्यावर आदळेल. पहिल्या लॅपला हे अंतर हळूहळू सोडा.

## टप्पा ४: ब्रेकचा बिंदू मागे आणा

स्लिपस्ट्रीममध्ये तुम्ही जास्त वेगाने येता. एकट्याने ज्या सरळ रस्त्याच्या शेवटी ताशी २७० असायचे, तिथे आता २८० आहेत. फरक लहान वाटतो. पण थांबायचं अंतर वेगाच्या वर्गावर चालतं. १०० पर्यंत खाली यायचं असेल तर २७० ऐवजी २८० वरून येताना साधारण ९ टक्के जास्त अंतर लागतं. एरवी १०० मीटर पुरत असतील तर आता १०९. त्यात भर म्हणजे डाउनफोर्स कमी असल्याने टायर कमी ब्रेक सोसतात, आणि वाऱ्याचा अडथळाही कमी असतो, जो एरवी गाडी हळू करायला मदत करतो. तीन कारणं एकाच दिशेने ओढतात. म्हणून मी अशा ब्रेकिंगला १५ मीटर मागे येऊन सुरुवात करतो आणि जमलं तर पुढच्या लॅपला पाच मीटर परत घेतो.

क्रम असा:

१. ब्रेकच्या बिंदूआधी गाडी अर्ध्या रुंदीने बाजूला काढा, म्हणजे निदान अर्ध्या नाकाला स्वच्छ हवा मिळेल.

२. गाडी पूर्ण सरळ झाल्यावरच ब्रेक दाबा. बाजूला सरकता सरकता दाबलात तर मागचं टोक फिरतं.

३. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीत पहिल्या दाबाला नेहमीपेक्षा थोडं कमी पेडल. एकट्याने पूर्ण दाबत असाल तर इथे नव्वद टक्के. वेग उतरू लागला की पेडल सोडायलाही नेहमीपेक्षा लवकर सुरुवात करा. पुढचं चाक लॉक होऊन धूर निघाला की तो टायर पुढच्या कित्येक लॅपा त्रास देतो.

आणखी एक अडचण सरावात कधीच दिसत नाही. तुमची ब्रेकची पाटी पुढच्या गाडीमागे लपते. १०० मीटरच्या पाटीवर विसंबून असाल तर त्या क्षणी तुम्ही आंधळे आहात. प्रत्येक मोठ्या ब्रेकिंगसाठी दुसरी एक खूण ठरवून ठेवा, रस्त्याच्या कडेची आणि तुमच्या बाजूची: भिंतीचा शेवट, डांबरावरचा जोड, कर्बची सुरुवात.

> नेहमीची चूक: पुढच्याचे ब्रेकचे दिवे बघून ब्रेक मारणं. तो त्याच्या बिंदूवर असतो आणि तुम्ही अर्ध्या सेकंदावर असाल तर त्याच्या ३५ मीटर मागे. त्याच क्षणी दाबलंत तर उगाच लवकर ब्रेक मारला, आणि तो चुकून उशिरा गेला तर तुम्हीही त्याच्यामागे बाहेर.

## टप्पा ५: वळणात नाक सुटलं तर

या ठिकाणी हात आपोआप चुकीचं करतात, म्हणून क्रम पाठ असायला हवा.

१. व्हील हलकं झालं किंवा टायर ओरडू लागला की स्टिअरिंग वाढवणं थांबवा. पुढच्या टायरला एका ठरावीक कोनापर्यंत पकड मिळते. त्यापलीकडे वळवलंत की तो रस्त्यावर घासत जातो, पकड कमी आणि उष्णता जास्त. हिंमत करून दोन-चार अंश परत सोडा. नाक आत येण्याची शक्यता त्यानेच वाढते.

२. थ्रॉटल थोडा उचला. वजन पुढे येतं, पुढचे टायर दाबले जातात.

३. वाट बघा. हा अर्धा सेकंद लांब वाटतो, पण त्यात घाई केली की सगळं पहिल्यापासून.

४. नाक वळणातून बाहेर पडण्याच्या दिशेला वळल्यावरच थ्रॉटल परत द्या.

थ्रॉटल उचला म्हणजे झटक्यात पूर्ण सोडा असं नाही. वेगवान वळणात पाय एकदम काढला तर मागचे टायर हलके होतात आणि अंडरस्टिअरची गाडी क्षणात फिरते. थ्रॉटल शंभर टक्क्यांवरून साठ-सत्तरवर आणा, तेवढं बहुतेक वेळा पुरतं.

दुसरा धोका मला फार महागात शिकायला मिळाला. बार्सिलोनाचं तेच तिसरं वळण. मी पुढच्या गाडीच्या अगदी मागे होतो, नाक बाहेर जात होतं आणि मी व्हील वळवत गेलो, आणखी वळवत गेलो. मग पुढची गाडी थोडी बाहेर घसरली आणि माझ्या समोरची जागा मोकळी झाली. स्वच्छ हवा थेट पुढच्या विंगवर आली, डाउनफोर्स एका झटक्यात परतला आणि जरुरीपेक्षा कितीतरी जास्त वळवलेल्या चाकांनी रस्ता धरला. गाडी आतल्या बाजूला गरकन फिरली. रिप्लेमध्ये ते व्हील बघितलं तेव्हा कळलं, मी एरवी त्या वळणात देतो त्याच्या जवळपास दीडपट कोन देऊन बसलो होतो. हवा कधीही परत येऊ शकते. म्हणून सुटलेल्या नाकाला स्टिअरिंगचं उत्तर देऊ नका.

> तपासा: सरावात मागे राहून चालवलेल्या लॅपांचा रिप्ले कॉकपिटमधून बघा. वेगवान वळणात तुमचं व्हील एकट्याच्या लॅपपेक्षा जास्त वळलेलं दिसलं, तर या टप्प्याचा सराव अजून बाकी आहे.

## टप्पा ६: त्याच्याच रेषेत चालू नका

शेपटी पुढच्या गाडीच्या मार्गावर सगळ्यात दाट असते. अर्धी गाडी बाजूला राहिलात तरी फरक पडतो. लांब वळणात किंचित आतली किंवा बाहेरची रेष घ्या. हळू वळणात उशिरा आत या, म्हणजे एपेक्स (वळणाचा सर्वांत आतला बिंदू) पुढे सरकतो, बाहेर पडताना गाडी लवकर सरळ होते आणि थ्रॉटल आधी बसतो. बाजू निवडताना पुढचं वळण कुठे जातं ते बघा. तिथे आतली बाजू तुमची राहील अशी निवड करा.

सलग डाव्या-उजव्या वळणांत हे जमत नाही. शेपटी तुमच्यासमोरून इकडून तिकडे जात राहते आणि तुम्ही तिला सारखे ओलांडता. तिथे टप्पा ३ मधलं अंतर हाच एक उपाय.

> सावधान: अर्धी गाडी बाजूला काढणं म्हणजे शेजारी जाणं नव्हे. पुढच्याच्या आरशात अर्धवट दिसणारं नाक वळणाच्या आत घुसवून ठेवलंत तर तो दार बंद करील आणि तुमची विंग जाईल. ढवळलेल्या हवेने जेवढं नुकसान केलं असतं त्याच्यापेक्षा ते मोठं.

ओव्हलवर (अंडाकृती ट्रॅकवर) चालवणाऱ्यांसाठी हा हिशेब थोडा वेगळा. नॅस्कारच्या (अमेरिकेतल्या ओव्हल रेस मालिकेच्या) गाडीतही मागे राहिलात की नाक सुटतं, तिथे गाडी टाइट झाली म्हणतात. पण मागची गाडी बंपरच्या अगदी जवळ आली की ती पुढच्याच्या स्पॉयलरवरची हवा काढून घेते आणि पुढची गाडी लूज होते, मागून सुटायला लागते. तुम्ही पुढे असाल आणि आरसा भरून गाडी दिसत असेल, तर त्या वळणात थ्रॉटल हळुवार द्या.

## टप्पा ७: उष्णतेचा हिशेब ठेवा

मागे राहण्याची किंमत एका वळणात चुकती होत नाही, ती साठत जाते. पुढचे टायर घसरतात, घसरल्याने तापतात, तापल्याने पकड आणखी कमी, मग आणखी घसरतात. एफ१ च्या गेममध्ये टायरच्या पृष्ठभागाचं आणि आतलं तापमान वेगवेगळं दिसतं. पृष्ठभाग एका सरळ रस्त्यावर बऱ्यापैकी उतरतो. आतलं तापमान चढलं तर ते उतरायला लॅपा लागतात, म्हणून डोळा आतल्या आकड्यावर ठेवा.

तो चढला की दीड-दोन सेकंद मागे या आणि एक-दोन लॅपा तिथेच राहा. हे अनेकांना हार मानल्यासारखं वाटतं. पण तापलेल्या टायरवर पाच लॅपा धडपडण्यापेक्षा दोन लॅपा थंड होऊन एक नीट हल्ला केलेला केव्हाही बरा.

इंजिनालाही हवा कमी मिळते. सरळ रस्त्यावर स्लिपस्ट्रीमची गरज नसेल तेव्हा नाक अर्धं बाहेर काढून रेडिएटरला वारा लागू द्या. आयरेसिंग या गेममध्ये ओव्हलच्या गाडीला ग्रिलवर टेप लावता येते. क्वालिफायिंगला (रेसआधी एकट्याने वेळ नोंदवण्याच्या फेरीला) भरपूर टेप चालते, पण तीच ठेवून घोळक्यात उतरलात तर पाण्याचं तापमान चढत जातं आणि ताकद कमी होते.

टायरच्या दाबाचंही तेच. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या गेमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत कोरड्या रस्त्यावरच्या टायरला गरम असताना २६ ते २७ पीएसआय योग्य धरतात. एकट्याने चालवून दाब वरच्या टोकाला बसवला असेल तर गर्दीत पुढचे टायर ती हद्द ओलांडतात. बराच वेळ कोणाच्या तरी मागे जाणार असं दिसत असेल तर पुढे दाब किंचित कमी ठेवून सुरू करा.

## टप्पा ८: सेटअपला हात आता लावा

इथवरचं सगळं जमल्यावरही नाक सुटत असेल तरच. आणि एका वेळी एकच बदल.

- पुढची विंग एक क्लिक वाढवा. जीटी गाडीत पुढे वाव नसेल तर मागची एक क्लिक कमी करा. तोल पुढे सरकतो.
- गाडीला एबीएस नसेल आणि पुढची चाकं लॉक होत असतील तर ब्रेक बायस (पुढच्या आणि मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी) अर्धा टक्का मागे.
- बदल केल्यावर एकट्याने पाच लॅपा चालवून बघा. मोकळ्या हवेत मागचं टोक सुटू लागलं तर तो बदल परत घ्या.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. गर्दीसाठी नाक धारदार केलेली गाडी पुढे निघाल्यावर, समोर कोणी नसताना, चंचल होते. तुम्ही मधल्या फळीतून सुरू करत असाल तर ही किंमत परवडते. पहिल्या रांगेत असाल तर सेटअपला हात न लावता अंतरानेच काम चालवा.

## टप्पा ९: ओव्हरटेक आणि त्यानंतरचं पहिलं वळण

जागा आधी ठरवा: हळू वळण, त्यानंतर लांब सरळ रस्ता, त्याच्या शेवटी मोठं ब्रेकिंग. स्पा ट्रॅकवर ला सूर्सच्या हेअरपिनला पुढच्याच्या अगदी जवळ राहता येतं, कारण तिथे हवा फारसं बिघडवत नाही. पण लगेच ओ रूज आणि रेडियॉन येतात, तिथे वेग मोठा. म्हणून ला सूर्सच्या बाहेर पडताना चिकटू नका, थोडी जागा ठेवा. रेडियॉनच्या माथ्यावर गाडी सरळ आणि थ्रॉटल पूर्ण असायला हवा, मग केमेल स्ट्रेटवर शेपटीत शिरा आणि ले कोंबच्या ब्रेकिंगआधी बाहेर काढा.

बाहेर काढण्याची वेळ दोन्हीकडे चुकते. फार लवकर काढलीत तर स्वच्छ हवेचा पूर्ण अडथळा अंगावर येतो आणि अर्ध्यातच वेग अडतो. फार उशिरा काढलीत तर गाडी सरळ होण्याआधी ब्रेक मारावा लागतो. वेगातला फरक पुरेसा साठेपर्यंत मागे राहा, आणि एकदा निघालात की पुन्हा शेपटीत परतू नका.

पास झालात, आता पहिलं वेगवान वळण येतं आणि इथे खूप जण आत्ताच मिळवलेली जागा घालवतात. दहा लॅपा मागे राहून हातांना कमी पकडीची सवय झालेली असते, ब्रेकचा बिंदू मागे आलेला असतो, पुढची विंग कदाचित वाढवलेली असते. मोकळ्या हवेत नाक एकदम चावतं. पहिल्या वळणात स्टिअरिंग नेहमीपेक्षा हळू द्या, नाक किती पटकन येतं ते बघा, मग दुसऱ्या वळणापासून एकट्याच्या लॅपचे बिंदू वापरा. ब्रेक बायस मागे नेलेला असेल तर पुढच्या सरळ रस्त्यावर तो जिथे होता तिथे परत आणा. मागे टाकलेला आता तुमच्या शेपटीत आहे. वेगवान वळणांत तुम्ही नीट, ठरलेल्या रेषेत चालवलंत तर तिथे तो फार जवळ येऊ शकत नाही. सांभाळायचं ते हळू वळणातून बाहेर पडताना, कारण त्याला संधी मिळाली तर तिथूनच मिळेल.